प्रमाणपत्र मिळते नववीत, मदत हवी असते दुसरीत

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागाबाहेर एक वेगळी रांग दिसू लागते. या रांगेतल्या मुलांना ना ताप असतो, ना खोकला. पालकांच्या हातात केसपेपरबरोबर वह्यांचा गठ्ठा आणि मुख्याध्यापकांचे पत्र असते. बहुतेक मुले नववी-दहावीतली. मागणी एकच : बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळावी म्हणून प्रमाणपत्र हवे.

या रांगेतला एक मुलगा चौदा वर्षांचा, नववीतला. वडील रिक्षा चालवतात, आई घरून जेवणाचे डबे देते. डब्यांचा महिन्याचा हिशेब हा मुलगा तोंडी करतो आणि त्यात चूक होत नाही. बिघडलेला मिक्सर उघडून चालू करून देतो. मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्यासमोर दुसरीच्या पुस्तकातला सहा ओळींचा उतारा ठेवला. त्याने अक्षरांखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर सुटे, जोडाक्षर आले की थांबा, ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली. सहा ओळींना चार मिनिटे लागली आणि उताऱ्यात काय होते ते शेवटी सांगता आले नाही. मग बाईंनी सातवीच्या पुस्तकातला उतारा त्याला स्वतः वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. सगळी उत्तरे बरोबर आली.

वडील म्हणाले, ‘मॅडम, डोकं आहे हो त्याला. पण पुस्तक समोर आलं की तोंड पाडून बसतो. रागावून झालं, मारून झालं, क्लास लावून झाले.’ दुसरीतल्या बाईंनी सांगितले होते, मुलगा हुशार आहे पण लक्ष देत नाही. चौथीतल्या सरांनी तेच सांगितले, सातवीतल्याही. सगळ्यांच्या नजरेला जे पडले ते खरेच होते. त्याचे कारण मात्र कुणी शोधले नाही.

हे कुटुंब कुठले एक नाही. अशा अनेक फायली शेजारी-शेजारी ठेवल्या की जे चित्र तयार होते ते हे. तपासण्या होतात, मुलाला अध्ययन अक्षमता असल्याचे निघते, रीतसर प्रमाणपत्रही मिळते. दुसरी ते नववी ही सात वर्षे मात्र कोणत्याही प्रमाणपत्राने परत मिळत नाहीत.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

मूल अभ्यासात मागे पडण्याची कारणे पुष्कळ असतात. नजर कमी असणे, ऐकू कमी येणे, बौद्धिक वाढ मंद असणे, लांबलेले आजारपण, शाळा बुडणे, घरातील ताणतणाव. यांपैकी कोणतेही कारण पुरेसे ठरत नसताना, बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असताना आणि नीट शिकवूनही मूल वाचन, लेखन किंवा गणितात वयाच्या मानाने फार मागे राहत असेल, तर त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. अडचण वाचनातली असेल तर डिस्लेक्सिया, लेखनातली असेल तर डिस्ग्राफिया, अंकगणितातली असेल तर डिस्कॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन किंवा तिन्ही असू शकतात. वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींमध्ये शाळकरी मुलांपैकी ५ ते १५ टक्के मुलांमध्ये ही अडचण आढळते, असे अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ सालची निदानपुस्तिका सांगते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते सहा मुले.

हा आजच्या काळाचा किंवा मोबाइलचा परिणाम नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. मुलगा चलाख, खेळात कुठेही कमी नाही, आकडे वाचण्यात अडचण नाही. पण सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या करूनही त्याला लहानसहान शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानासुद्धा त्याची अक्षरे उलटसुलट होत. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. पर्सीचीही सात वर्षेच गेली होती. तेव्हा निदान कसे करायचे हेच कुणाला ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे.

मेंदूत काय घडते?

बोलायला मूल ऐकून शिकते, त्यासाठी शाळा लागत नाही. वाचनाचे तसे नाही. माणूस लाखो वर्षांपासून आहे, लिपी मात्र सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. त्यामुळे वाचनासाठी जन्मतः तयार असे केंद्र मेंदूत नसते. चेहरे आणि वस्तू ओळखणारा, आवाज वेगळे करणारा आणि अर्थ लावणारा अशा मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना शाळेतल्या पहिल्या काही वर्षांत एकमेकांशी जोडून घ्यावे लागते. हे काम बहुतांशी डाव्या बाजूला चालते. सरावाने ही जोडणी इतकी पक्की होते की ‘पाणी’ हा शब्द दिसताक्षणी वाचला जातो, अक्षरे जुळवावी लागत नाहीत.

डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांत शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि ते अक्षरांशी जोडणे हे काम कच्चे राहते. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल, असे विचारले तर पहिलीतली बरीच मुले ‘मळ’ म्हणतात. या मुलांना तो प्रश्नच कळत नाही. मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या तपासण्यांमध्ये वाचताना डाव्या बाजूचे काही भाग यांच्यात कमी सक्रिय दिसतात. डोळ्यांचा यात दोष नसतो. अक्षरे उलटी ‘दिसतात’ हा समजही चुकीचा आहे. अक्षर दिसते तसेच, पण त्याला कोणता ध्वनी जोडायचा ते लवकर आठवत नाही.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई-वडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला ही अडचण असेल, तर मुलात ती असण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. सुरुवातीच्या फायलीतल्या वडिलांना मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या शाळेबद्दल विचारले. ते जरा थांबून म्हणाले, ‘माझंही असंच होतं. सातवीतून सोडली. लायसन्सची परीक्षासुद्धा मित्राकडून वाचून घेऊन पाठ केली होती.’ मुलगा वडिलांकडे बघत राहिला. हे त्याला कुणी कधी सांगितले नव्हते.

मराठीतली अडचण वेगळी

या विषयावरचे बरेचसे साहित्य इंग्रजी भाषेवर बेतलेले आहे. ‘बी’ आणि ‘डी’ची अदलाबदल हे लक्षण पालकांनी ऐकलेले असते. मराठी माध्यमाच्या मुलात मात्र वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष या जोड्यांत गोंधळ. काना, मात्रा, वेलांटी, उकार गळणे. ‘शाळेत’ऐवजी ‘शळत’ लिहिणे. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे ती भलत्याच अक्षराला चिकटणे. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ यांत ‘र’ तीन रूपांत येतो, तिथे नेमके अडणे.

देवनागरीत जसे लिहिले तसे बहुधा वाचले जाते. त्यामुळे मराठीत डिस्लेक्सिया असलेले मूल अनेकदा बरोबर वाचते, पण अतिशय सावकाश वाचते. चुका कमी म्हणून शिक्षकांच्या लक्षात येत नाही आणि मूल तिसरी-चौथीपर्यंत रेटत जाते. पुढे धडे लांबतात, इंग्रजीचे ओझे वाढते आणि तेच मूल अचानक कोसळल्यासारखे दिसते. अचानक काहीच झालेले नसते.

गणितातही मराठीची एक खोच आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट खरी : दुसरीतले मूल २५ ऐवजी ५२ लिहीत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. चौथीतही ते तसेच होत असेल, बोटांशिवाय सात अधिक पाच जमत नसेल, कोणती संख्या मोठी हे पटकन सांगता येत नसेल, तर तपासणी करायला हवी.

लवकर म्हणजे किती लवकर?

शाळेची पहिली तीन वर्षे मूल वाचायला शिकते. चौथीपासून ते वाचून शिकू लागते. परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सगळे वाचनावर उभे असते. म्हणून तिसरीपर्यंत वाचन पक्के झाले नाही तर नुकसान एका विषयापुरते राहत नाही. जे मूल सहज वाचते ते जास्त वाचते, त्याचे शब्दभांडार वाढते, म्हणून पुढचे पुस्तक त्याला आणखी सोपे जाते. ज्याला वाचताना त्रास होतो ते वाचन टाळते आणि दर वर्षी थोडे अधिक मागे पडते. दुसरीत दोन पावलांचे असलेले अंतर सातवीत एक मैलाचे होते.

दुसरे नुकसान मनाचे. सात वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही एवढेच कळत असते. दहाव्या वर्षी ते स्वतःला ‘ढ’ समजू लागते. शाळेच्या सकाळी पोट दुखणे, वही हरवणे, वर्गात विदूषकी करणे, मधल्या सुट्टीनंतर घरी पळून येणे, ही सगळी वाचनाची पाळी चुकवण्याची साधने असतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. दर तीन-चार मुलांपैकी एकाला अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव यांचीही जोड असते. वेळेवर मदत मिळालेल्या मुलाला निदान एवढे तरी कळते की, चूक त्याच्या बुद्धीत किंवा मेहनतीत नाही.

पहिली-दुसरीत दिलेली मदत कमी वेळात जास्त उपयोगी पडते, हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. मोठ्या मुलांना उपयोग होत नाही असे मुळीच नाही. चौदाव्या वर्षीही वाचन सुधारते. पण तेव्हा वाचायला शिकवायचे असते, मागे राहिलेले सगळे विषय भरून काढायचे असतात, शिवाय ‘मला जमणारच नाही’ ही सात वर्षांत घट्ट झालेली समजूत सोडवायची असते. तेवढा वेळ नववीत नसतो.

उशीर का होतो?

पहिले कारण, ‘मोठा झाला की सुधारेल’ हा सल्ला. आजी-आजोबा देतात, शेजारी देतात, कधीकधी डॉक्टरही देतात. दुसरे कारण, मुलाने शोधलेल्या पळवाटा. पाठांतर चांगले असलेली मुले पुस्तक समोर धरून धडा तोंडपाठ म्हणतात आणि सर्वांना वाटते, मूल वाचते आहे. तिसरे, गप्प बसणारी मुले. वर्गात धिंगाणा घालणारा मुलगा कुणाच्या तरी नजरेत येतो. मागच्या बाकावर शांत बसून फळ्यावरचे उतरवून घेणारी मुलगी येत नाही. चौथे, माध्यम बदलणे. मूल मागे पडले की दोष शाळेला किंवा भाषेला दिला जातो, शाळा बदलली जाते आणि नव्या ठिकाणी पुन्हा ‘अजून रुळला नाही’ म्हणून दोन वर्षे जातात.

याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक मागे पडणाऱ्या मुलावर हा शिक्का मारता येत नाही. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल किंवा गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल पहिलीत मराठी वाचताना अडखळते, कारण ती त्याच्या घरची भाषाच नसते. ऊसतोडणीला आई-वडिलांबरोबर गेलेल्या मुलाची शाळा निम्मे वर्ष बुडते. करोनाच्या काळात ज्यांची पहिली-दुसरी घरात गेली, त्यांचाही पाया कच्चा राहिला. म्हणून निदानाच्या निकषांतच एक अट आहे : अडचणीवर नेमके काम करूनही ती किमान सहा महिने टिकली पाहिजे. या अटीत पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी एक सोय दडलेली आहे. मूल अडखळताना दिसले की आधी सहा महिने नेटाने, पद्धतशीर शिकवायचे. फक्त शिकवणे कमी पडले असेल तर मूल वर येईल. आले नाही तर पुढच्या तपासणीची दिशा मिळेल. दोन्ही बाबतींत मुलाचे नुकसान नाही.

कोणत्या वयात काय पाहावे?

शाळेआधी : बोलायला उशिरा लागणे, बडबडगीतांमधले यमक न कळणे, ओळखीच्या वस्तूंची आणि रंगांची नावे पटकन न आठवणे, ‘काल’ आणि ‘उद्या’ यांत बराच काळ गोंधळ. यांपैकी एखादी गोष्ट अनेक मुलांत असते. घरात कुणाला वाचनाची अडचण असेल तर मात्र लक्ष ठेवावे.

पहिली-दुसरी : वर्ष संपत आले तरी मुळाक्षरे पक्की नसणे, अक्षर आज येणे आणि उद्या विसरणे, अक्षरे ओळखता येऊनही ती जोडून शब्द न होणे, फळ्यावरून उतरवायला फार वेळ लागणे.

तिसरी ते पाचवी : मोठ्याने वाचायला नकार, ओळ सुटणे, शब्दाची सुरुवात पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणणे, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिणे, तोंडी उत्तर उत्तम आणि लेखी उत्तर दोन ओळींचे.

यातले शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. मुलाच्या बोलण्यात आणि लिहिण्यात मोठी दरी दिसली की थांबू नये.

तपासणी कुठे आणि कशी?

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी. डोळे आणि कान तपासले जातात, जन्मापासूनच्या वाढीची माहिती घेतली जाते, फिट येणे किंवा थायरॉइडचा विकार यांसारखी कारणे पाहिली जातात. नंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि शेवटी वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या होतात. हे काम एका दिवसात उरकत नाही, तीन-चार खेपा लागतात. येताना मुलाच्या वह्या आणाव्यात, आणि त्या जशा असतील तशाच आणाव्यात. कोऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलेल्या निबंधापेक्षा खाडाखोडीची गृहपाठाची वही जास्त माहिती देते.

केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलाची चाळणी तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी व्हावी आणि प्रमाणपत्र आठ वर्षांपुढील मुलांनाच द्यावे, असे ठरले. याचे कारण वैद्यकीय आहे. त्याआधी वाचनाचा वेग मुलामुलांत इतका वेगळा असतो की ठाम निदान चुकू शकते. पण ही वयाची अट कागदापुरती आहे. मदतीला ती लागू नाही. सहा वर्षांच्या मुलाला ध्वनी आणि अक्षरांचा जादा सराव द्यायला कुणाच्याही सहीची गरज नसते.

शिक्षकांच्या हाती साधनेही आली आहेत. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला, तो २०१५ साली आला. हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर तो मराठीतही आहे. त्यात शिक्षकांनी भरायच्या दोन प्रश्नावल्या आहेत, एक पहिली-दुसरीसाठी आणि एक तिसरी ते पाचवीसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत अध्ययनाच्या अडचणीही आहेत. वजन, दात, हृदय यांबरोबर पथकाला ‘हे मूल वाचत नाही’ हेही शिक्षकांनी सांगायला हवे. जिल्हा रुग्णालय लांब असेल तर पालकांनी मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे विचारणा करावी. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तेथून मिळू शकतात.

उपचार म्हणजे शिकवणे

अध्ययन अक्षमतेवर गोळी नाही. स्मरणशक्ती वाढवणारी सिरपे, डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचांचे चष्मे यांनी वाचन सुधारते असा पुरावा नाही. अतिचंचलता सोबत असेल तर तिच्यासाठी औषध लागू शकते, पण तेही वाचायला शिकवत नाही. उपचार एकच : उपचारात्मक शिक्षण.

ही नेहमीची शिकवणी नव्हे. क्लासमध्ये वर्गातलाच धडा पुन्हा एकदा, जरा मोठ्या आवाजात शिकवला जातो. उपचारात्मक शिक्षणात मूल जिथे अडले तिथपर्यंत मागे जावे लागते, मग ते मूल नववीत असले तरी. आधी तोंडी ध्वनींचे खेळ : शब्द तोडायचे, जोडायचे, यमके शोधायची. मग एकेक अक्षर ऐकत, बघत, म्हणत आणि हाताने गिरवत शिकायचे. वाळूत, रव्याच्या ताटात, खरखरीत कागदावर बोट फिरवायचे. मग काना, मात्रा, वेलांटी ठरलेल्या क्रमाने, जोडाक्षरे सर्वांत शेवटी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. आठवड्यातून दोन-तीन तास, एका वेळी एक मूल किंवा दोन-तीन मुले, आणि हे महिनोन्‌महिने. चमत्कार होत नाही. सहा महिन्यांनी मूल दुकानावरची पाटी आपणहून वाचते, तेव्हा आईला कळते की काम होते आहे.

घरी दोन गोष्टी कराव्यात. रोज पंधरा मिनिटे मुलाला वाचून दाखवावे, म्हणजे वाचता येत नसले तरी शब्द आणि माहिती अडकून राहत नाहीत. आणि मुलाला जे चांगले जमते, मग तो तबला असो, कबड्डी असो की मिक्सर दुरुस्त करणे, ते ‘आधी अभ्यास’ म्हणून बंद करू नये. दिवसातला तेवढाच वेळ ते मूल कुणाच्या मागे नसते.

सवलत कशासाठी?

अध्ययन अक्षम मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ साली घेतला, देशात सर्वांत आधी. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, कॅल्क्युलेटर, काही विषयांना पर्याय अशा या सवलती आहेत. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. याच कायद्याचे सोळावे कलम सांगते की, शाळांनी अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करावेत.

सवलती न्याय्य आहेत. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाने फसवले असे कुणी म्हणत नाही. पण चष्मा मिळावा म्हणून कुणी दहावीची वाट पाहत नाही. कायद्याने ओळखण्याची जबाबदारी पहिल्या इयत्तांत शाळेवर टाकली. प्रत्यक्षात ओळख पटते ती बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आल्यावर. लेखनिक तीन तासांचा पेपर लिहून देतो. पुढे बँकेतला अर्ज, औषधाच्या बाटलीवरची सूचना, भाडेकरार हे सगळे त्या मुलाला स्वतःच वाचावे लागणार असते.

त्या दिवशी रिक्षावाल्या वडिलांची फाईल बंद करण्याआधी मानसशास्त्रज्ञांनी एक नेहमीचा प्रश्न विचारला, ‘घरात आणखी कोण शिकतंय?’

‘धाकटी आहे. दुसरीत. तिचं चांगलं चाललंय, सगळ्या कविता पाठ आहेत.’

मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, ‘पुस्तक उलटं धरलं तरी तीच कविता म्हणते ती. मी पण तेच करायचो.’

पुढच्या आठवड्यात धाकटी आली. डोळे, कान ठीक होते. वय सात, म्हणून तिला प्रमाणपत्र मिळाले नाही. मंगळवारचा आणि शुक्रवारचा एकेक तास मात्र मिळाला. तिला घेऊन भाऊच येतो. तिचा तास संपला की त्याचा सुरू होतो.